बरोबरीची किंमत

बुद्धिबळाच्या पटावरून हरून उठलेला मनुष्य पुष्कळदा हसतमुखाने उठतो. प्रतिपक्षाचा हात आपल्यापेक्षा वरचढ होता, एवढे कबूल केले की त्याचे मन मोकळे होते. परंतु जो डाव आपण जिंकणारच अशी खात्री होती तो बरोबरीत सुटला, तर उठणाऱ्याच्या कपाळावरची आठी बराच वेळ मोडत नाही. घरी जाताना तो त्या डावातील खेळ्या पुन्हा पुन्हा आठवतो, आणि त्याचा राग स्वतःच्या चुकीवर जाण्याऐवजी बहुधा समोरच्या खेळाडूवर जातो. "तो खेळलाच नाही, त्याने मलाही खेळू दिले नाही," असे त्याचे गाऱ्हाणे असते. हे गाऱ्हाणे कितपत न्याय्य आहे, आणि केवळ बरोबरीसाठी खेळणाऱ्याला नीतीच्या दृष्टीने दोष द्यावा काय, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न खेळातला खरा. पण त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे ते खेळापुरते राहत नाही.

प्रथम बरोबरी कशी साधतात ते पाहू. दुर्बळ बाजूचा खेळाडू आपली प्यादी एकमेकांच्या आधाराने उभी करतो, पट उघडा होऊ देत नाही, आणि संधी मिळताच मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा करू लागतो. कारण मोहरी जितकी कमी, तितकी हल्ल्याची साधने कमी. दोन्हीकडे एकेक उंट उरला, आणि एक काळ्या व दुसरा पांढऱ्या घरांवरून चालणारा असला, तर एखादे प्यादे जास्त असूनही जिंकणे पुष्कळदा अशक्य होते. एकसारखा शह देत राहून तीच स्थिती तीन वेळा आणता येते. एकही प्यादे न हलता व एकही मोहरे न मरता दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास खेळ्या झाल्या, तर बरोबरी मागता येते. राजाला शह नाही, पण करावयास एकही खेळी उरली नाही, अशी अवस्था आली म्हणजेही डाव बरोबरीत सुटतो. या सर्व वाटा नियमांनीच आखून दिलेल्या आहेत. त्यांत चोरवाट एकही नाही. मोहरी दोघांच्याही डोळ्यांसमोर असतात. पत्त्यांच्या खेळाप्रमाणे हातात लपविलेले येथे काही नसते.

असे असता राग यावा कशाचा? जिंकावयास निघालेल्या मनुष्याने विजय मनातल्या मनात आधीच घरी नेऊन ठेवलेला असतो. बरोबरी झाली म्हणजे आपल्या पेटीतील वस्तू कोणी काढून नेली असे त्याला वाटते. पण हिशेब तसा नाही. डाव मांडला तेव्हा दोघांपाशी सोळा सोळा मोहरी होती, आणि बरोबरी हीच दोघांची सामाईक मिळकत होती. बचाव करणारा त्या मिळकतीतील आपला हिस्सा राखतो. दुसऱ्याच्या हिश्शाला तो हात लावीत नाही. प्रतिपक्षाला विजय मिळवून देणे हे कोणत्याही खेळाडूचे कर्तव्य नाही. तेव्हा ज्याला फसवणूक म्हणावे असे काही घडलेले नसते. घडलेला असतो तो अपेक्षाभंग, आणि अपेक्षा ही ज्याची त्याची असते.

तथापि आक्षेपकाच्या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. खेळ दोघांचा असतो. एकाने काहीच साधावयाचे नाही, दुसऱ्याला काही साधू द्यावयाचे नाही, एवढाच हेतू धरला तर त्या पटावर खेळ म्हणून काय उरले? मनुष्यांना या बाबतीत फार काळ निश्चय करता आला नव्हता, असे नियमांच्या इतिहासावरूनही दिसते. राजाची कोंडी होऊन खेळी न उरण्याची जी अवस्था वर सांगितली, ती आणणाऱ्याचीच हार मानण्याचा प्रघात इंग्लंडात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत होता. आपल्याकडील देशी खेळात तर नुसत्या विजयानेही समाधान होत नसे. मात कोणत्या मोहऱ्याने केली याला मान असे, आणि प्याद्याने दिलेली मात विशेष गौरवाची मानीत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथावरून झालेले इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ साली छापले गेले. अशा अटी घालून रचलेल्या मातांची ज्या काळी आवड होती, त्या काळच्या रसिकाला नुसती बरोबरी साधणारा खेळाडू कसा वाटला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

परंतु रसिकाची आवड ही एक गोष्ट आणि नीतीचा निर्णय ही दुसरी. बरोबरीसाठी खेळणारा मनुष्य काही साधीत नाही, हेच मुळात खरे नव्हे. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्को येथे अनातोली कारपोव व गॅरी कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो प्रथम सहा डाव जिंकील तो विजयी, बरोबरीचे डाव हिशेबात नाहीत, असा नियम होता. पहिल्या नऊ डावांतच कारपोवने चार जिंकले. तेव्हा एकवीस वर्षांच्या कास्पारोवने हल्ला करण्याचा आपला स्वभाव आवरला, आणि दहाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत सतरा डाव ओळीने बरोबरीत सुटले. सत्ताविसावा डाव कारपोवने जिंकला. आता त्याला एकच विजय हवा होता. पण तो पुढच्या एकवीस डावांत त्याला मिळाला नाही. कास्पारोवने मात्र त्या अवधीत तीन डाव जिंकले. शेवटी अठ्ठेचाळीस डाव होऊन त्यांपैकी चाळीस बरोबरीत सुटल्यावर, १५ फेब्रुवारी १९८५ रोजी, तो सामना निकालावाचूनच थांबविण्यात आला. त्याच वर्षी नवा सामना होऊन कास्पारोव जगज्जेता झाला.

त्या पाच महिन्यांत कास्पारोवने खेळ टाळला असे कोण म्हणेल? एका चुकीने सर्व संपणार, अशा स्थितीत तो एकामागून एक डाव तासन्‌तास खेळला. त्याच्या बरोबरीची किंमत त्याने स्वतःच्या श्रमाने, स्वतःच्या झोपेने आणि स्वतःच्या आवडत्या खेळाला मुरड घालून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे.

पुढे सोळा वर्षांनी तोच प्रसंग त्याच्यावर उलटा आला. २००० साली लंडनमध्ये व्लादिमीर क्रामनिकने काळी मोहरी असताना बर्लिन बचाव नावाची एक जुनी पद्धत त्याच्यापुढे मांडली. तीत वजिरांची मारामारी लवकरच होते आणि हल्ल्याला लागणारा दारूगोळाच पटावरून नाहीसा होतो. पंधरा डावांत कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही. तेरा बरोबरीत सुटले, दोन क्रामनिकने जिंकले, आणि जगज्जेतेपद गेले. ज्याने एकदा भिंत उभी केली होती त्याच्यासमोर दुसऱ्याची भिंत उभी राहिली. आपण उभारलेल्या भिंतीला धैर्य म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या भिंतीला रडीचा डाव म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

याच्या अगदी उलट जातीची एक बरोबरी आहे, आणि ती खरोखर निंद्य आहे. दोन मातबर खेळाडू आठदहा खेळ्या करतात, हस्तांदोलन करतात आणि उठून जातात. येथे कोणीही चिडत नाही, कारण दोघांचीही सोय झालेली असते. बुडतो तो केवळ खेळ पाहावयास आलेला प्रेक्षक. बाहेरून पाहिले तर कास्पारोवची बरोबरी आणि ही बरोबरी सारखीच. गुणपत्रकावर दोन्हींचा अर्धाच गुण. परंतु पहिलीत खेळणाऱ्याने किंमत दिली आणि दुसरीत ती तिऱ्हाइताकडून वसूल केली. म्हणूनच २००५ साली बल्गेरियातील सोफिया येथील स्पर्धेत खेळाडूंनी परस्पर संमतीने बरोबरी करू नये असा नियम घालण्यात आला. लढून झालेल्या बरोबरीवर मात्र कोणीही बंदी घातलेली नाही. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नागपूरची दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांच्यात झाला. त्यातील दोन्ही दीर्घ डाव बरोबरीतच सुटले, त्यानंतरच्या जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्यात दिव्याने विश्वचषक जिंकला. त्या तीन बरोबऱ्या वाया गेल्या असे म्हणता येणार नाही.

आता पट बाजूला ठेवून ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागाकडे वळू. आसनगाव स्टेशनावर उतरून शहापूरच्या दिशेने चालू लागले की माहुलीचा गड आपल्या सुळक्यांसह नजरेत भरतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने हा गड मोगलांकडे गेला होता. १६७० च्या आरंभी शिवाजी महाराजांनी तो परत घेण्यासाठी हल्ला केला, तेव्हा मनोहरदास गौड हा मोगलांचा किल्लेदार सावध होता. गडावर चढलेली मराठ्यांची तुकडी कापली गेली, माणसांची हानी मोठी झाली, आणि वेढा उठवावा लागला. मनोहरदासाने मराठ्यांचे राज्य जिंकले नाही की त्यांच्या मुलखावर चाल केली नाही. गड जसा होता तसा ठेवला, एवढेच त्याने केले. पटाच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने डाव बरोबरीत सोडविला.

अशा वेळी अडविल्या गेलेल्या बाजूने काय करावे, याचा धडा पुढील चार महिन्यांत मिळतो. महाराज माहुलीच्या पायथ्याशी हट्टाने बसून राहिले नाहीत. तो गड तूर्त सोडून त्यांनी इतर ठिकाणांकडे लक्ष दिले. कल्याण हाती आले, लोहगड हाती आला. इकडे मनोहरदासाने, मदतीवाचून गड राखणे शक्य नाही हे ओळखून, किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी आलेल्याला ती दक्षता साधली नाही, आणि १६७० च्या जून महिन्यात माहुली स्वराज्यात आली. बरोबरीने चिडलेला मनुष्य नेमकी याच्या उलट चूक करतो. जो दरवाजा बंद आहे त्यावरच तो पुन्हा पुन्हा धडकतो, त्या भरात आपली घरे उघडी टाकतो, आणि हातची बरोबरीही घालवून बसतो. मग तो म्हणतो की प्रतिपक्षाने मला चिडवून हरविले. चिडविणारा समोर नसतो; तो आपल्याच आसनावर बसलेला असतो.

परंतु याच गडाची चौतीस वर्षांपूर्वीची हकीकत अधिक अवघड प्रश्न उभा करते. १६३३ साली दौलताबाद पडल्यावर निजामशाही बुडाल्यासारखीच होती. तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातील मुर्तजा या बालकाला गादीवर बसवून तीन वर्षे कारभार चालविला. अखेर मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एक होऊन पाठीस लागल्या, आणि १६३६ साली राजांनी माहुलीचा आश्रय घेतला. जिंकण्याची आशा नव्हती. सर्वनाश टाळून तह पदरात पाडावयाचा, एवढाच डाव उरला होता. तो त्यांनी साधला. राजे आदिलशाहीच्या सेवेत गेले, त्यांचे घराणे राहिले, आणि त्या घराण्यातून पुढे काय निघाले हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पण तहाच्या अटींप्रमाणे किल्ले द्यावे लागले, आणि ज्याच्या नावाने तीन वर्षे युद्ध केले तो बाळराजा मोगलांच्या हवाली करावा लागला.

यात शहाजीराजांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दोन बादशाही फौजांच्या मध्ये सापडलेल्या पुरुषाला उपदेश करणे आज घरात बसून सोपे आहे. सांगावयाचे ते इतकेच की पटावर राजा प्रतिपक्षाला देऊन बरोबरी घेता येत नाही. खेळाचा नियमच तसा आहे. संसारात आणि राजकारणात मात्र तसा नियम नाही. तेथे बरोबरी मिळते, पण तिची किंमत कधी कधी ज्याला डावातले काही कळतही नाही अशा एखाद्या पोराच्या पदरी पडते. म्हणून पटाबाहेरच्या बरोबरीला खेळाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. तेथे एक जास्तीचा प्रश्न विचारावा लागतो: ही किंमत कोण देणार आहे?

हा प्रश्न विचारला म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. गड उतरून तालुक्याच्या न्यायालयात आलो तर नित्य दिसणारा एक प्रकार पाहा. शेताच्या बांधाचा किंवा वहिवाटीचा दावा चालू आहे. दाव्यातील धनिक पक्षाला आपण जिंकणार नाही हे ठाऊक आहे, परंतु हरण्याचीही त्याला घाई नाही. तो तारीख मागतो. पुढल्या वेळी वकील आजारी असतो, त्यापुढल्या वेळी कागद मिळालेला नसतो. टोकावड्याकडचा शेतकरी मुरबाडास, किंवा डोळखांबकडचा शहापुरास, भर आवणीच्या दिवसांत रोपे तशीच ठेवून येतो आणि नवी तारीख घेऊन परत जातो. त्या धनिकाला विचारा. तो म्हणेल की मी केवळ बचाव करतो आहे, आणि बचावाचा हक्क कायद्यानेच दिला आहे. शब्द तेच आहेत, जे आम्ही वर खेळाडूच्या बाजूने उच्चारले.

मग भेद कोठे आहे? तो घड्याळात आहे. बुद्धिबळाच्या सामन्यात ज्याची खेळी असेल त्याचेच घड्याळ चालते; विलंब करणारा स्वतःचा वेळ खर्च करतो. तारखांच्या डावात विलंब एकाचा आणि घड्याळ दुसऱ्याचे. धनिकाचा दिवस भाड्याच्या उत्पन्नावर जातो, शेतकऱ्याचा आवणीवाचून जातो. शिवाय पटावर पन्नास खेळ्यांची मर्यादा आहे. निष्फळ हालचालींना कोठेतरी अंत असावा हे खेळ घडविणाऱ्यांनी ओळखले होते. या डावाला तशी मर्यादा व्यवहारात क्वचितच दिसते. बाप गेला तरी मुलगा तारखेला उभा राहतो. तेव्हा या दोघांना एकच नाव देणे ही भाषेची चूक होईल. दुर्बळाने बलवानाला अडवून धरणे हा बचाव. बलवानाने दुर्बळाला अडकवून ठेवणे हा जुलूम, मग तो कितीही शांतपणे आणि कितीही कायदेशीर रीतीने केलेला असो.

न्यायालयापर्यंतही जावयास नको. आपल्या सुशिक्षित घरांतून हा डाव रोज खेळला जातो, आणि त्यातील खेळीचे नाव आहे "बघू". मुलीला पुढे शिकावयास बाहेरगावी जावयाचे असते. वडिलांना तिला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणण्यास कारण सांगावे लागते. आणि होय म्हणण्याची तयारी नसते. म्हणून ते "बघू" म्हणतात. पुढच्या महिन्यात विचारले तरी "बघू". त्यांनी कोणाला दुखविले नाही, भांडण केले नाही, हुकूम केला नाही. घरातील शांतता अभंग राहिली याचे त्यांना समाधान वाटते. इकडे प्रवेशाची मुदत निघून जाते. मुलगी चिडली तर तिलाच उतावळी ठरविण्यात येते. हा क्षोभ आणि सुरुवातीस सांगितलेल्या खेळाडूचा क्षोभ वरवर सारखाच दिसतो, परंतु त्यांना एका तागडीत घालता येत नाही. त्या खेळाडूचा केवळ मनात धरलेला विजय गेला. हिचे प्रत्यक्ष वर्ष गेले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्याच लागू आहेत. आपण अडविले गेलो असे वाटून राग आला, तर प्रथम स्वतःला विचारावे की माझे असलेले काही गेले, की मी माझे मानलेले काही मिळाले नाही? दुसरेच खरे असेल तर तक्रार गिळून आपली खेळी सुधारावी. समोरच्याने आपले काहीही लागत नाही. आणि आपण स्वतः कोणाला अडवून धरले असेल तर विचारावे की हे घड्याळ कोणाचे चालले आहे? आपले असेल तर शेवटच्या प्याद्यापर्यंत खुशाल लढावे. कोणी रडीचा डाव म्हटले तरी लाजण्याचे कारण नाही. ते दुसऱ्याचे असेल, तर होय किंवा नाही यांपैकी जे मनात असेल ते उघड बोलावे आणि त्याला आपल्या मार्गाने जाऊ द्यावे. हरावे लागले तरी हरावे. पटावरून हरून उठलेला मनुष्य पुन्हा डाव मांडू शकतो. परंतु दुसऱ्याच्या आयुष्यातील जो काळ आपण बरोबरीत अडकवून ठेवला, तो परत मांडून देण्याची विद्या कोणापाशीही नाही.